अक्कांची हाताची घडी

हल्ली मला अधूनमधून 'लीडरशिप' या विषयावर बोलायला बोलावतात. मी जाते, कारण नाही म्हणायला मला जमत नाही आणि चहा बरा असतो. समोर बसलेली मुलं हुशार असतात. त्यांना वाटतं, या बाईनं हे सगळं पुण्यात नाहीतर परदेशात कुठंतरी शिकलेलं असणार. मी त्यांचा गैरसमज लगेच दूर करत नाही. पण खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर कुणासाठी करायचं आणि ते करणाऱ्या माणसांना कसं सांभाळायचं, यातलं मला जे काही थोडंफार कळतं ते कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कळलं. आणि ज्या बाईंकडून ते कळलं त्यांनी लीडरशिप हा शब्द माझ्यासमोर कधी उच्चारला नाही.

त्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालून डॉक्टरांच्या मशीनची घरघर यायची आणि शेजारच्या क्लासमधून दुपारभर रसायनशास्त्र ऐकू यायचं. मी कॉमर्सची पोरगी, नंतर कॉम्प्युटरकडे वळलेली, पण त्या भिंतीच्या कृपेनं मला आम्ल आणि आम्लारीच्या व्याख्या अजून पाठ आहेत. जिन्यात पेशंटच्या चपला आणि आमच्या चपला एकत्र व्हायच्या. एकदा आमचा मालक कुणाच्या तरी चपला घालून बँकेत जाऊन आला आणि त्याला संध्याकाळपर्यंत पत्ता लागला नाही. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. मी रिक्षातून जाताना अजून मान वर करून बघते आणि वर काचेवर दुसऱ्याच कुणाचातरी बोर्ड दिसला की उगाचच राग येतो.

आम्ही दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम बनवायचो. गावात सकाळ-संध्याकाळ लोक डेअरीला दूध घालायला येतात. किटली काट्यावर ओतायची, कोड नंबर सांगायचा, चमचाभर दूध मशीनमध्ये घालून फॅट बघायचं, कारण दर त्यावर ठरतो, आणि कॉम्प्युटरनं पावती द्यायची. एवढंच काम. पण रांगेतल्या प्रत्येकाला घाई असते, कारण घरी म्हैस वाट बघत असते, नाहीतर कारखान्याची पाळी तरी. ती रांग अडली की सगळं गाव तोंड सोडतं.

या सगळ्याच्या प्रमुख अक्का होत्या. त्या गडहिंग्लजकडच्या. तिकडं थोरल्या बहिणीला कानडी वळणानं अक्का म्हणतात, आणि ऑफिसात आल्या दिवसापासून त्यांना कुणी मॅडम म्हटलं नाही. त्यांच्या पाटीवर प्रॉडक्ट मॅनेजर लिहिलेलं होतं. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे नेमकं काय, हे मी माझ्या आईला कधीच समजावू शकले नाही. प्रोग्रॅम लिहितात का? नाही. विकतात का? नाही. मग करतात काय? एकदा आई ऑफिसात आली तेव्हा अक्कांनीच तिला सांगितलं की लग्नघरात आचारी वेगळा असतो, मांडववाला वेगळा, भटजी वेगळे, आणि एक बाई कमरेला किल्ल्या लावून नुसतीच हिंडत असते. ती स्वतः काही करताना दिसत नाही, पण ती दुपारी जरा आडवी झाली की सगळं लग्न खोळंबतं. आईला ते एका दमात पटलं. त्यानंतर ती मला रोज विचारायची, "किल्लीवाल्या बाई बऱ्या हायत का?"

अक्का आता नाहीत. त्यांच्यासारखं माणूस मला पुढं मिळालं नाही. त्यांची आठवण झाली की मला त्यांचं बोलणं आधी आठवत नाही. भिंतीला टेकलेली, हाताची घडी घातलेली, ओठांवर एक बोट ठेवून उभी असलेली एक उंच बाई आठवते. ती सवय त्यांना आणि आम्हाला कशी लागली, ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

त्या वर्षी आम्ही जुना प्रोग्रॅम मोडीत काढून नवा केला होता. जुना म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि सगळं काम कीबोर्डवर. नव्यात बोट लावायचा पडदा होता, रंगीत चौकोन होते, गायीचं आणि म्हशीचं चित्र होतं. म्हशीच्या चित्रावरून ऑफिसात दोन दिवस भांडण झालं होतं, शिंगं मुऱ्हा म्हशीसारखी हवीत की पंढरपुरी म्हशीसारखी. आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो. मालकानं पेढे वाटले.

गणपती गेले आणि बिद्रीजवळच्या एका गावातून तिथल्या संस्थेच्या चेअरमनचा फोन आला. नवं आल्यापासून रांग हलत नाही, चुकीच्या पावत्या निघतात, जुनं परत द्या. असे फोन यायचेच. नव्याची सवय व्हायला वेळ लागतो, असं सांगून आम्ही ते मिटवायचो. अक्कांनी मात्र पर्स उचलली आणि मला म्हणाल्या, चल. आम्ही एसटीनं गेलो.

संस्थेत कॉम्प्युटरवर चाळिशीच्या एक बाई होत्या. गावात लग्न होऊन आलेल्या, म्हणून लहानथोर सगळ्यांच्या त्या वैनीच. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर. वहिनी कित्येक वर्षं त्या खुर्चीवर बसत होत्या आणि जुना प्रोग्रॅम त्या कीबोर्डकडे न बघता, रांगेशी गप्पा मारत चालवायच्या. आता त्या पडद्यावर बोट ठेवत होत्या आणि ते बोट चौकोनाच्या बाजूलाच पडत होतं. एकदा, दोनदा, पुन्हा. मला वाटलं, बाई घाबरल्यात. मी पुढं होऊन त्यांचं बोट धरून बरोबर जागी ठेवलं. अक्का वहिनींच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

दूध संपल्यावर चेअरमननी अक्कांना कॅनच्या आडोशाला घेतलं. म्हातारा माणूस, डोक्यावर टोपी, नात्यानं वहिनींचा मामेसासरा लागायचा. तो हळू आवाजात म्हणाला, "तिला दिसत न्हाय, मॅडम. डोळ्याचं पडदं सुकत चाललंत. गावात कुणाला ठावं न्हाय, मी आन् तिचा नवरा सोडून. मी दिवाळीपातूर थांबतो. पण कमिटीम्होरं मलाबी उत्तर द्यावं लागतंय."

म्हणजे वहिनींनी जुना प्रोग्रॅम आठवणीनं चालवला होता. कुठली कळ कुठं, कितव्यांदा दाबली की काय होतं, हे बोटांना माहीत होतं. डोळे जात होते तशी बोटं शहाणी होत होती. आणि आम्ही रंगीत चौकोन आणून ती बोटं निकामी केली होती, वर पेढे खाल्ले होते.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांना कळलं होतं की आम्हाला कळलंय. त्या रडल्या नाहीत, विनवणीही केली नाही. एवढंच म्हणाल्या, "अक्का, खुर्ची गेली तर पोटाला कमी पडंल आसं न्हाय. पण एकदा का घरात बसीवलं की माणसाला कुणी इच्यारत न्हाय. चा झाला का, जेवलीस का, एवढंच. मग त्ये जगणं नको वाटतंय."

परतीच्या एसटीत अक्का खिडकीला डोकं टेकून होत्या. कोल्हापूर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या की आपण एका बाईचं काम काढून घेतलं आणि आपल्याला पत्ताही नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बोलणारा प्रोग्रॅम करायला घेतला. कळा परत आणल्या, आणि प्रत्येक कळीनंतर मशीन वायरच्या टोकाला लावलेल्या बोंडांतून कानात काय झालं ते सांगणार. आवाज माझा घेतला, कारण ऑफिसात शुद्ध बोलणारी मीच, असा माझा लौकिक होता. सामानाच्या खोलीत अंगावर चादर घेऊन, खालचं दाताचं मशीन थांबायची वाट बघत मी एकेक वाक्य रेकॉर्ड केलं. 'कृपया सभासद क्रमांक प्रविष्ट करा.' 'आपण म्हशीचे दूध निवडले आहे.' मला स्वतःचा आवाज फार आवडला होता, हे कबूल करायला हरकत नाही.

मग वहिनींना ऑफिसात बोलावलं, चाचणीसाठी. आणि इथं आम्ही जे केलं ते जगात दुसरीकडं कुठं होईल असं मला वाटत नाही.

पाहुणी घरी येणार म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस जसा वागतो तसे आम्ही वागलो. बसस्टँडवर दोघं आणायला गेले. जिन्यावर एकानं हात धरला, दुसऱ्यानं पिशवी. बुधवार, म्हणजे कोल्हापुरातला मटणाचा वार होता, म्हणून मालकाच्या घरून मटणाचा डबा आला. वहिनी मशीनसमोर बसल्या की त्यांच्या भोवती आम्ही सगळे. त्या कळ शोधायला लागल्या की कुणीतरी त्यांचं बोट त्या कळीवर ठेवायचं. चुकल्या की कुणीतरी हळूच दुरुस्त करायचं. त्या थांबल्या की चारजण एकदम सांगायचे. प्रत्येक वेळी वहिनी म्हणायच्या, "लई बेस हाय. लई बेस क्येलंसा." शेवटी माझ्या आईनं येऊन त्यांची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. सॉफ्टवेअरच्या चाचणीत परीक्षकाची ओटी भरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आम्ही प्रोग्रॅम पाठवून दिला. थोड्याच दिवसांत चेअरमनचा फोन. पहिल्यापेक्षा वाईट.

अक्का आणि मी पुन्हा गेलो. वहिनींच्या घरी पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. अक्का दहा प्रकारे विचारत होत्या की नेमकं काय जमत नाही, आणि वहिनी दहाही वेळा म्हणत होत्या की तसं बेसच हाय, माझंच ध्यान ऱ्हात न्हाय. अखेर अक्का चिडल्या. त्या क्वचित चिडायच्या, पण चिडल्या की गडहिंग्लज बाहेर यायचं. म्हणाल्या, वैनी, खरं सांगा, तुमची खुर्ची चाललीय.

वहिनी खाली मान घालून पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता कसं सांगू? एवढं जेवू घातलंसा, वटी भरलीसा, आन् मी नावं ठिवू व्हय?"

अक्कांनी कपाळाला हात लावला. मग हसायला लागल्या, आणि मलाही हसू आवरेना. वहिनींना कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. खरोखरच नव्हतं. एका बाईची खुर्ची जायची वेळ आली होती, कारण आम्ही मटण चांगलं केलं होतं. ज्याच्या घरचं जेवलो त्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, हे आमच्या हाडात मुरलेलं. आणि ज्याला जेवायला घातलं त्याला चुकू द्यायचं नाही, त्याच्या पुढं पुढं करायचं, हेही तितकंच मुरलेलं. त्या दोन चांगुलपणांच्या मध्ये प्रोग्रॅमचं वाटोळं झालं होतं.

संध्याकाळच्या दुधाला आम्ही थांबलो. अक्कांनी शेजारच्या घरून किटली मागून घेतली, दुधासकट. मला म्हणाल्या, तू त्या भिंतीला टेकून उभं राहायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. काही झालं तरी हात सोडायचा नाही. मी विचारलं, आणि तुम्ही? त्या म्हणाल्या, मी रांगेत जाते.

त्या खरंच रांगेत उभ्या राहिल्या, पदर खोचून, बायकांच्या मधोमध. वहिनी कानात माझा गोड आवाज ऐकत एकेक किटली काढत होत्या. रांग वाढत होती. मी भिंतीपाशी उभी होते आणि माझे हात शिवशिवत होते. वहिनींचं बोट चुकीच्या कळीवर जाताना मला दिसत होतं. दोन पावलांवर मी, आणि तोंडावर बोट. आपण केलेली वस्तू एखाद्याला छळते आहे आणि आपण ती बघत उभं राहायचं, यापेक्षा जड काम मी पुढं कधी केलं नाही.

अक्कांचा नंबर जवळ आला तशा त्या मागून मोठ्यानं म्हणाल्या, "वैनी, आवर की गं. म्हस सुटली असंल माझी."

वहिनींनी आवाज ओळखला. न ओळखायला काय झालं. पण रांगेत उभं असलेलं माणूस पाहुणं नसतं. रांगेतल्या माणसाला झापायचा त्या खुर्चीवरच्या बाईला पिढीजात हक्क असतो, आणि तो त्यांनी वापरला. "मी कशी आवरू? तुमची बया कानात पुराण सांगतीया. परविष्ट करा म्हंती. त्येचं परविष्ट हुस्तवर मागली माणसं म्हशी पिळून परत येतील."

रांग खदखदून हसली. कशाबद्दल ते कुणाला कळलं नव्हतं, पण वैनी तापल्यात एवढं पुरे होतं. मीही हसले, जरा जखमी होऊन. त्यानंतर वहिनींनी थांबायचं नाव घेतलं नाही. दोन्ही कानांत बोंडं घातली की माणसं कोड सांगतात ते ऐकू येत नाही. गायीची कळ म्हशीच्या कळीला चिकटून आहे. फॅट सांगायला मशीन एवढा वेळ लावतं की तोवर मी पुढचं दूध ओतून मोकळी. अक्का रांगेतूनच "व्हय, व्हय, आन् काय?" म्हणत राहिल्या, आणि हातातली किटली त्यांना शेवटपर्यंत खाली ठेवायची आठवण झाली नाही.

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात तो नियम झाला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकानं पाळीपाळीनं त्या गावात जायचं, भिंतीला टेकून उभं राहायचं, हाताची घडी, तोंडावर बोट. जेवण नाही, चहा दूध संपल्यावर. ज्याला मदत करायची असेल त्यानं परत राजारामपुरीत येऊन मशीनवर बसून करायची. सुरुवातीला आम्ही चेष्टा केली. बालवाडी म्हणायचो. पण जो जाऊन यायचा तो गप्प होऊन यायचा आणि थेट कामाला लागायचा. अक्कांनी नंतर कुणाला कामाला लाव, वेळेवर ये, असं सांगितल्याचं मला आठवत नाही.

माझा आवाज पुन्हा रेकॉर्ड झाला. आता तो फक्त 'कोड?' म्हणायचा. 'म्हस.' आणि फॅट साडेसहा असलं की 'सहा पाच.' माझ्या शुद्ध बोलण्याचा लौकिक तिथं संपला. कान एकच, दुसरा रांगेला मोकळा. गायीची कळ एका टोकाला, म्हशीची दुसऱ्या.

मालकाचं म्हणणं होतं की दिवाळीपर्यंत सगळ्या संस्थांत रंगीत प्रोग्रॅम बसला पाहिजे आणि एका बाईसाठी एवढी माणसं अडकवून चालणार नाही. माणूस वाईट नव्हता, धंदा करत होता. अक्का त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्याला बिद्रीच्या एसटीत बसवलं. तोही भिंतीला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून. परत आला आणि म्हणाला, करा काय करायचं ते.

माझं आणि अक्कांचं एकदाच खडाजंगी भांडण झालं ते त्या वायरवरून. माझं म्हणणं होतं की आवाज कानात कशाला, मोठ्यानंच बोलू द्या. रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांना पावती वाचता येत नाही, त्यांनाही आपलं फॅट कळेल. अक्का म्हणाल्या, आणि वहिनींना दिसत नाही हे सगळ्या गावाला कळेल. मी म्हटलं, आज ना उद्या कळणारच. तेव्हा त्या जे बोलल्या ते मी आजही माझ्या हाताखालच्या मुलांना सांगते, फक्त त्यांच्यासारखं सांगता येत नाही. "कळंल की. पण ते तिनं ठरवायचं, तू न्हाई आणि मी न्हाई. आपण दोन्ही करून ठेवायचं. वायर तिच्या हातात द्यायची आणि बाजूला व्हायचं."

म्हणून तसंच केलं. वायर लावली की आवाज कानात, उपसली की बाहेर. वहिनींना ते एकदा दाखवून ठेवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

वसुबारसेच्या सकाळी कमिटी बघायला येणार होती. आम्ही दोघी अंधारातच पोचलो होतो. थंडी पडू लागली होती, किटल्यांतून वाफ निघत होती आणि कुणीतरी दाराशी गाय-वासराची रांगोळी काढून ठेवली होती. कमिटीची माणसं खुर्च्या टाकून बसली. चेअरमनही त्यांच्यात, पायाशी स्वतःची किटली. वहिनींनी पदर कानावरून ओढून घेतला होता, वायर दिसू नये म्हणून. मी आणि अक्का भिंतीला.

रांग हलायला लागली. कोड, काटा, फॅट, पावती. कोड, काटा, फॅट, पावती. वहिनींचे हात पहिल्यासारखे चालत होते. कमिटीतला एकजण शेजारच्याशी कारखान्याच्या गोष्टी बोलायला लागला, म्हणजे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

आणि मध्येच वहिनी थांबल्या. एका म्हातारीचं दूध काट्यावर होतं. मला वाटलं मशीन अडकलं, मी भिंतीपासून सुटले, तर अक्कांनी माझं मनगट धरलं. वहिनींनी पदर मागं सारला, कानातलं बोंड काढलं आणि वायर उपसली.

"म्हस. सहा पाच." माझाच आवाज, खोलीभर. सगळी रांग चपापून मशीनकडे बघायला लागली. कमिटीतली बोलणी थांबली.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. आवाज कापत होता. "मला दिसत न्हाय. लई दिस झालं. मशीन सांगतंय तसं मी करतोय. आता तुमीबी ऐका. मला लपवून बसायचा कटाळा आला."

मला वाटलं, संपलं. अक्कांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

मग ती म्हातारी, जिचं दूध काट्यावर होतं, ती म्हणाली, "ठावं हाय की गं. आमी काय आंधळी हाय व्हय? चल, पावती फाड, वासराला ववाळायचं हाय मला."

मागून दोघीतिघींनी माना हलवल्या. एकजण म्हणाली की आमच्या घरात तर पोरंबी जाणत्यात. कुणी डोळे पुसले नाहीत, कुणी जवळ येऊन पाठीवरून हात फिरवला नाही. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि सगळं गाव इतके दिवस न बोलता किटली घेऊन रांगेत उभं राहत होतं. वहिनी एकट्याच ते ओझं वाहत होत्या, कुणाला कळू नये म्हणून. मी तिथं भिंतीला टेकून ढसाढसा रडले. अक्काही रडत होत्या, पण पुन्हा हाताची घडी घालून.

वहिनी खाली बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही, दोन्ही असावं. पदरानं तोंड पुसून त्यांनी पावती फाडली, हात पुढं करून दिली, आणि पुढची किटली घेतली. मग पुढची. मशीन बोलत होतं, रांग ऐकत होती, म्हाताऱ्या एकमेकींचं फॅट काढून चिडवत होत्या.

रांग संपत आली तसे चेअरमन खुर्चीवरून उठले. कमिटीकडे बघून त्यांनी नुसतीच भुवई उडवली, आणि त्यातल्या थोरल्यानं हात झटकला, आता काय बघायचं राहिलंय या अर्थी. मग चेअरमन आपली किटली घेऊन काट्यापाशी गेले, दूध ओतलं आणि रोजच्या सवयीनं पावतीसाठी हात पुढं करून उभे राहिले.

वहिनी कीबोर्डवर बोटं ठेवून थांबल्या होत्या.

"कोड?"

"अगं पोरी, मी हाय."

"मामा, कोड सांगा," वहिनी म्हणाल्या. "मला दिसत न्हाय."

ते वाक्य त्या दिवसात दुसऱ्यांदा आलं होतं, आणि या वेळी ते म्हणताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. घाईत असलेल्या कुणाही बाईनं म्हणावं तसं त्या म्हणाल्या. चेअरमननी मुकाट्यानं कोड सांगितला.